राउटर ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

वळीव विजांसकट येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी सांगली-मिरजेत ‘आमचा राउटर गेला’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग संध्याकाळी घरातलं कुणीतरी येता येता चार अँटेनावाला नवा डबा घेऊन येतं, जोडतं, आणि नेट तरीही चालत नाही. गेलेला असतो अडॅप्टर, नाहीतर खांबावरच्या फायबरचा एखादा जोड. कधी तर घरात राउटर नावाचा वेगळा डबाच नसतो. म्हणून दुकानात जाण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा. कित्येकदा खरेदीच टळते.

सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून करा. अडॅप्टरमधले कपॅसिटर उन्हाळ्याच्या तापाने आणि व्होल्टेजच्या चढउताराने सुकत जातात. नुसता मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, पण राउटर जोडून भार आला की तेच व्होल्टेज खाली बसतं. लक्षण ओळखीचं आहे: दिवे लागतात, पण वायफाय सुरू व्हायच्या क्षणी राउटर स्वतःच रिस्टार्ट होतो. नाहीतर दिवसभर नीट चालतो आणि रात्री घरातले सगळे फोन, टीव्ही जोडले गेले की मान टाकतो. अशा वेळी दुसरा अडॅप्टर लावून बघा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. लेबलवरच्या छोट्या चित्रात पिनचा मधला भाग धन दाखवलाय का, तेही बघा. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर बऱ्याचदा १२ व्होल्टचा असतो, त्यामुळे तपासणीपुरता उपयोगी पडतो. पण पिन बाहेरून ५.५ मिलिमीटरची सारखी दिसली तरी आतलं भोक २.१ चं की २.५ चं यात फरक असतो. सैल बसली तर टेबलाला धक्का लागला तरी नेट जाणार. अडॅप्टरचं काम दोन-तीनशे रुपयांत भागतं.

अडॅप्टर ठीक असेल तर फायबर जिथे शिरतो त्या डब्याकडे वळा. नेटवाल्याला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘लाल लाईट लागलीय का?’ तो बरोबर विचारतो. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाहीये, आणि दहा हजारांचा राउटर आणला तरी काही फरक पडणार नाही. रस्त्यावरची वायर उसाच्या ट्रॉलीला अडकून तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा घरातलीच पिवळी पॅचकॉर्ड कपाटामागे चेमटली असेल. या वायरीला साधारण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण देऊ नये. टोकाच्या कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवं निळ्यात घुसवलं तर बसतं, पण प्रकाश वाया जातो.

लाल दिवा नाही, तरी नेट येतं-जातं? फायबरच्या डब्याच्या पानावर (ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकला की उघडतं ते) ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा, आकडा सापडतो, उणे डीबीएममध्ये. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे २६-२७ म्हणजे डबा कसाबसा ऐकतोय. हा आकडा नेटवाल्याला सांगितला की त्याचा सूर बदलतो, कारण मग ‘तुमचा राउटर खराब आहे’ असं म्हणून त्याला वाट काढता येत नाही.

आता खरा दोषी शोधायची युक्ती. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग करा (‘आहेस का?’ अशी हाक मारा), समजा १९२.१६८.०.१, आणि दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, दोन्हीकडे शेवटी ‘-टी’ म्हणजे न थांबता. वायफायवरच बसा आणि दहा मिनिटं बघत राहा. पहिल्या खिडकीत वेळ १-५ मिलिसेकंद आणि सलग, दुसरीत मात्र मध्येच ‘टाइम्ड आउट’, तर राउटरचं वायफाय ठीक आहे आणि बिघाड राउटरच्या पुढे, लाइनकडे असण्याची शक्यता जास्त. पहिलीतच आकडे ३००-४०० वर उड्या मारत असतील तर वायफाय आजारी आहे, आणि राउटर बदलण्याचा विचार आता रास्त ठरतो. लॅनची वायर लावून तीच चाचणी केली आणि सगळं सुरळीत झालं, तर मात्र लगेच राउटरला दोष देऊ नका. जागा चुकली असेल किंवा शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असेल. त्यावर पुढे लिहिलंय.

समजा, बदलायचाच ठरला. तर आधी घरात एक डबा आहे की दोन, हे पाहा. पुढचं सगळं यावर ठरतं.

दोन डबे असतील, म्हणजे फायबरचा छोटा डबा वेगळा आणि त्यातून लॅनच्या वायरीने जोडलेला राउटर वेगळा, तर काम सोपं. फायबरचा डबा तसाच ठेवायचा आणि फक्त राउटर बदलायचा. एकाच डब्यात फायबरही जातो आणि वायफायही येतं, तर तो डबा बाजारातून आणून बदलता येत नाही. त्याचा सीरियल किंवा मॅक क्रमांक (प्रत्येक डब्याचा स्वतःचा ओळखक्रमांक) नेटवाल्याच्या ऑफिसातल्या ओएलटी यंत्रात नोंदवलेला असतो, आणि नोंद नसलेल्या डब्याला ते यंत्र दारातच उभं करतं. शिवाय नेटवाल्याची फायबरची यंत्रणा दोनपैकी एका जातीची असते, जीपॉन किंवा ईपॉन, आणि डबा त्याच जातीचा लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे जुने, एखाद्या कंपनीच्या छापाचे डबे तर मुळीच घेऊ नयेत. त्यांचं सॉफ्टवेअर त्या कंपनीपुरतं कुलूपबंद असतं.

एका डब्यावाल्यांसाठी दोन वाटा आहेत. पहिली: डबा तसाच राहू द्या, त्याचं वायफाय बंद करा, नवा राउटर लॅनच्या वायरीने जोडून ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाका. पत्ते वाटायचं काम जुना डबा करतो, नवा फक्त वायफाय फेकतो. बहुतेक घरांना हेच पुरतं. दुसरी: नेटवाल्याला सांगून डबा ‘ब्रिज’ करून घ्या, म्हणजे तो नेट नुसतं पुढे पाठवेल, आणि लॉगिन नव्या राउटरमध्ये टाका. जुना डबा दमलेला असेल, पंधरा-वीस उपकरणं जोडली की अडखळत असेल, तर ही वाट चांगली, कारण सगळं ओझं नव्या राउटरवर जातं. पण त्याच डब्याला लँडलाइन फोन जोडलेला असेल तर ‘फक्त इंटरनेटचं ब्रिज करा, फोनला हात लावू नका’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर नेट सुरू आणि आजोबांचा फोन बंद.

या दोन्हींऐवजी नवा राउटर नुसता मागे खोचला तरी नेट चालतं, पण मग राउटरमागे राउटर अशी दुहेरी साखळी होते. ब्राउझिंगला कळत नाही. घरातला प्रिंटर एका वायफायवर, फोन दुसऱ्यावर, आणि दोघांची गाठ पडत नाही, तेव्हा कळतं. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ आणखी वाढतो. तसंच ठेवायचं असेल तर निदान एकाचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा बदलून ठेवा.

आता दुकान. खोक्यावर मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं ते सोडून द्या आणि बारीक अक्षरात पोर्टची ओळ शोधा. ‘१०/१००’ किंवा ‘फास्ट इथरनेट’ असेल तर तो राउटर १०० एमबीपीएसच्या वर कधीच जाणार नाही. स्पीड टेस्टवर ९४च्या आसपास काटा अडकेल. प्लॅन १५०, २०० किंवा ३०० चा घेतलाय आणि आकडा कायम ९४च येतोय, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के उत्तर इथेच संपतं. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ हाच शब्द हवा, आणि तो वॅन (नेट आत येतं तो पोर्ट) आणि लॅन (घरातल्या उपकरणांचे पोर्ट) दोन्हींना. खोक्यावरचा एसी१२०० हा वायफायचा आकडा पोर्टबद्दल काहीच सांगत नाही. टीपी-लिंकचंच उदाहरण घ्या: आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी१२००, पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गिगाबिट. किमतीतला फरक काही शेकड्यांचा, आणि दुकानदार स्वस्तातला पुढे करणार हे धरूनच चला.

गिगाबिट राउटर आणूनही ९४ वरच अडकलात? मग वायर बघा. जोडाच्या पारदर्शक टोकातून आत किती तारा दिसतात ते मोजा. गिगाबिटला आठही लागतात. घाईत जोडणी करणारे चारच तारा दाबतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. १०० पर्यंत त्या पुरतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. आठही दाबलेल्या असून एक निळी तार सैल असली तरी परिणाम तोच. टोक कापून नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी या क्रमाने पुन्हा दाबलं की काम होतं.

मग वायफायचे आकडे. एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० अधिक ५ वर ८६७, अशी कागदावरची बेरीज. एकाच फोनला ही बेरीज मिळत नाही, आणि प्रत्यक्षात त्या-त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास धरावं. एएक्स१५०० म्हणजे ३०० अधिक १२०१. इथे एक गोम आहे: २.४ वर ३०० लिहिलंय याचा अर्थ तिथे जुनंच वायफाय ४ आहे, वायफाय ६ फक्त ५ वर. एएक्स३००० मध्ये ५७४ अधिक २४०२ असतं, पण २४०२ ला १६० मेगाहर्ट्झची रुंदी लागते आणि बहुसंख्य फोन ८० वरच थांबतात, म्हणजे पुन्हा १२०१. माझं मत असं: प्लॅन १०० ते २०० चा आणि उपकरणं दहाच्या आत असतील तर गिगाबिट पोर्टवाला एसी१२०० अजूनही भागवतो. घरात चार फोन, दोन टीव्ही, कॅमेरे, मुलांचे क्लास असं सगळं एकदम चालत असेल तर वायफाय ६ घ्या. वेगासाठी नाही, तर गर्दीत तो सगळ्यांना जास्त शहाणपणाने वाटून देतो म्हणून. वायफाय ७ साठी एवढ्यात पैसे घालू नयेत.

अँटेना चार, सहा, आठ. याच्याइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. राउटरने किती जोरात बोलायचं यावर कायद्याची मर्यादा आहे, ती अँटेना वाढवून ओलांडता येत नाही. शिवाय राउटरचा आवाज वरच्या मजल्यावर पोचला तरी फोनचा आवाज खाली राउटरपर्यंत पोचायला हवा, आणि फोन बिचारा लहानशा बॅटरीवर कुजबुजत असतो. सांगलीच्या विश्रामबागेतला दुमजली बंगला घ्या: राउटर खाली हॉलमध्ये टीव्हीमागे, वर बेडरूम, मध्ये सळयांचा स्लॅब. ५ गिगाहर्ट्झ त्या स्लॅबमध्येच दम तोडतो. गावभागातल्या किंवा साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात दीड-दोन फुटी दगडी भिंत असेल तर आडवंसुद्धा जात नाही. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या आड ठेवलेला राउटर म्हणजे हंड्यात ठेवलेला दिवा.

अशा घरात एक महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, आणि वरच्यापर्यंत लॅनची वायर ओढा. कॅट ६, शुद्ध तांब्याची. वायर घेताना टोक खरवडून बघा: आत चंदेरी दिसलं तर तो तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम आहे. तो वाकवल्यावर तुटतो आणि जोडात सैल पडतो. १०० मीटरपर्यंत चालतं, घरात २०-३० मीटर पुरतात. वायर ओढणं शक्यच नसेल तर मेश, म्हणजे वायफायनेच एकमेकांशी जोडलेले डबे. पण दोनच बँडच्या मेशमध्ये दोन डबे एकमेकांशी बोलायला तोच रेडिओ वापरतात, त्यामुळे दुसऱ्या डब्यावर वेग साधारण निम्मा होतो. स्वस्त रिपीटरचंही तेच. रेंजच नसलेल्या खोलीत रिपीटर लावणारे तर मेलेलं सिग्नल पुढे पाठवत बसतात. रिपीटर तिथे लावायचा, जिथे मूळ राउटरची रेंज अजून चांगली आहे.

विजेचं गणित राउटर घेतानाच करावं. फायबरचा डबा बहुतेक १२ व्होल्टचा असतो. राउटर मात्र कुठे ९ चा, कुठे १२ चा. नवा घेताना १२ व्होल्टचाच घ्या, म्हणजे एकाच मिनी यूपीएसवर दोन्ही चालतात. यूपीएसवरचा ‘८००० एमएएच’ हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो: गुणाकार केला की २९.६ वॉट-तास, परिवर्तनात गळती धरून २५. दोन्ही डबे मिळून १२ वॉट खात असतील तर दोन तास. यूपीएस एकूण २ अँपिअर देणारा हवा, अन्यथा दोन्ही डबे एकदम सुरू होताना तो दबतो. ओएलटीपासून घरापर्यंत मधल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या जोडाला) वीज लागत नाही, त्यामुळे नेटवाल्याच्या ऑफिसात बॅटरी असेल तर महावितरणची लाईट गेली तरी नेट चालू राहतं. मात्र गल्लीतल्या खांबावरच्या स्विचमधून लॅनची वायर घरात आलेली असेल, तर त्या स्विचची लाईट गेली की तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. आणि वीज कडाडताना पहिली हीच वायर काढा. तांब्याच्या वायरीतून आलेला झटका वॅन पोर्ट जाळतो, आणि असा जळका पोर्ट वॉरंटीत सहसा बसत नाही. फायबरमधून झटका येत नाही, पण अडॅप्टरच्या बाजूने येतोच, म्हणून प्लगही काढलेला बरा. कृष्णाकाठच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी डबे खाली ठेवूच नयेत. फायबर सरळ वरच्या मजल्यावर घ्यायला सांगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे वेगळं सांगायला नको.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सीरियल क्रमांक लिहून घ्या, आणि बिघडल्यास दुकानदार स्वतः पाठवणार की कुरिअरचा खर्च आपला, ते आधीच विचारा. खोक्यामागच्या स्टिकरवर हार्डवेअरची आवृत्ती असते, व्ही२, व्ही३ अशी. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी असू शकते, त्यामुळे नेटवरचं कौतुक कोणत्या आवृत्तीचं आहे ते पडताळा. कंपनीच्या साइटवर त्या आवृत्तीचं फर्मवेअर शेवटचं कधी आलंय तेही बघा. तीन वर्षांत काही आलं नसेल तर दुसरा शोधा. परदेशातून कुणी आणून दिलेला राउटर टाळा, कारण त्याचे चॅनेल त्या देशाचे असतात. अडॅप्टरवर बीआयएसचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक नसेल तर खोकं परत करा.

बदलायच्या दिवशी आधी जुन्या राउटरच्या पानाचे फोटो काढा. पीपीपीओईचं, म्हणजे नेटच्या लॉगिनचं, युजरनेम तिथे दिसतं, पासवर्डचे मात्र ठिपके दिसतात, म्हणून तो नेटवाल्याकडून व्हॉट्सॲपवर मागवून ठेवा. रविवारी संध्याकाळी बदलायला बसू नका, फोन उचलायला कुणी नसतं. लॉगिनसोबत व्हीलॅन क्रमांक टाकावा लागतो का तेही विचारा. जुना राउटर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, कारण जुनं लॉगिन समोरच्या सर्व्हरवर अजून जिवंत असतं आणि नव्याला तो नाकारतो. तरीही नाकारलं तर बहुधा मॅक बांधलेला आहे: नव्या राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ करून जुना क्रमांक टाका, किंवा त्यांना नवा कळवा. एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा आकार) १४९२ ठेवा. १५०० राहिला तर व्हॉट्सॲप चालतं आणि बँकेची साइट उघडत नाही, असले विचित्र प्रकार होतात.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवलात तर टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर आपोआप जोडले जातात. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ आणि ३ चं मिश्रण ठेवा. नुसतं ३ ठेवलं तर जुने बल्ब आणि प्रिंटर रुसतात. २.४ वर रुंदी २०, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर शेजारी कमी तो. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधले ५२ ते १४४ हे रडारसाठी सोडून द्यावे लागणारे चॅनेल. रडारचा भास झाला तरी राउटर उठून दुसरीकडे जातो आणि नेट मिनिटभर जातं. डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडणी) बंद, बाहेरून व्यवस्थापन बंद, ॲडमिनचा पासवर्ड बदला, आयपीव्ही६ मिळत असेल तर चालू.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर घराबाहेरून बघायचा असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून आत येता येणार नाही. क्लाउडवरचं ॲप वापरा, नाहीतर पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या.

जुना राउटर अजून श्वास घेत असेल तर तोच वरच्या मजल्यासाठी वापरा. त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, मुख्य राउटर १९२.१६८.०.१ असेल तर याला पत्ता १९२.१६८.०.२ द्या, आणि वायर त्याच्या वॅनमध्ये नाही, लॅनमध्ये खोचा. वॅन पोर्ट विजेने जळलेला असला तरी हे चालतं.